सहावा चमचा

दादाने जेवायला उठता उठता ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "धाकटे, हे शेवटचं हेड. यानंतर मी ग्राइंडर हातात धरणार नाही."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? आमचा दादा असली घोषणा वर्षातून एकदा करतोच. कधी कंबर धरली म्हणून, कधी गिऱ्हाइकाने डोकं खाल्लं म्हणून. पण या वेळी तो चिडलेला नव्हता. त्याने ग्राइंडरची वायर नीट गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली. तीस वर्षांत त्याने ती वायर कधी गुंडाळल्याचं मला आठवत नाही. तिच्यात पाय अडकून मी दोनदा तोंडावर आपटलेय. वायर गुंडाळलेली पाहिली आणि मला कळलं, या वेळी तो खरंच बोलतोय.

आमचा धंदा काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शर्यतीच्या गाडीचं इंजिन जितकी हवा ओढेल तितकी त्याची ताकद. ही हवा इंजिनाच्या वरच्या भागातल्या, म्हणजे हेडमधल्या बोगद्यांतून आत जाते. त्या बोगद्यांना पोर्ट म्हणतात. कारखान्यातून हेड येतं तेव्हा पोर्ट आतून ओबडधोबड असतात. दादा ते घासून घासून आकाराला आणतो. मग हेड माझ्याकडे येतं. माझं यंत्र म्हणजे कपाटाएवढी लाकडी पेटी, तिच्या पोटात सहा पंखे. हेड पेटीवर बसवायचं, वाल्व्ह ठरलेल्या मापाने उघडायचा, पंखे लावायचे, आणि मिनिटाला किती घनफूट हवा आत ओढली गेली ते नळीतल्या रंगीत पाण्यावर वाचायचं. दादा कापतो, मी मोजते. लोक त्याला दादा म्हणतात आणि मला, माझ्या पाठीमागे, हवावाली. मला सगळं ठाऊक आहे.

आमची एक पद्धत होती. मी पंखे लावण्याआधी दादा पोर्टमध्ये बोट घालायचा, डोळे मिटायचा आणि आकडा बोलायचा. मी तो वहीत डावीकडे लिहायची. मग मोजायचं आणि खरा आकडा उजवीकडे. एकापेक्षा जास्त फरक पडला तर चहा दादाने करायचा, नाहीतर मी. तीस वर्षं चहा बहुतेक मीच केलाय. गिऱ्हाइकं हा तमाशा बघायला मुद्दाम थांबायची. बोटाने हवा मोजणारा माणूस त्यांनी कुठे पाहिलेला असणार?

आणि गेले सहा आठवडे चहा दादा करत होता.

पहिल्यांदा आठ कमी आले तेव्हा मी त्याला मनसोक्त चिडवलं. "म्हातारा झालास," म्हटलं. दुसऱ्यांदाही चिडवलं. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा बघून गप्प बसले. मग मी यंत्र तपासलं. माझ्याकडे पितळेची एक पट्टी आहे, तिला अचूक मापाचं भोक आहे. ती पेटीवर ठेवली की दर वेळी एकच आकडा यायला हवा. रोज सकाळी यायचा, चोख. म्हणजे यंत्र ठीक होतं. उरला दादा.

मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. "यंत्र बरोबर आहे रे," म्हटलं. माझं हे एक वाक्य मला अजून झोंबतं.

तेव्हापासून त्याने आकडा बोलणं सोडलं, चहा मात्र न विचारता तोच करायचा. "तूच लिही काय ते," म्हणायचा. आणि माझा आकडा कमी आला की मुकाट्याने हेड परत घेऊन जायचा आणि आणखी घासायचा. ती हरवलेली हवा शोधत.

आता शेवटचं म्हणून जे हेड टेबलावर होतं ते एका दाताच्या डॉक्टरीणबाईंचं. बाई आठवडाभर लोकांचे दात काढतात आणि रविवारी घाटरस्त्याच्या शर्यतीत पळतात. गाडी त्यांच्याहून वयाने मोठी. ते हेड ओतणारा कारखाना बंद पडून जमाना झाला. चार वर्षं शोधून त्यांना हे एक मिळालं होतं. हेड ठेवताना बाई म्हणाल्या होत्या, "दादा, दुसरं नाही हो मिळायचं. पण तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

हवेच्या चार पोर्टपैकी पहिल्यावर दादाच्या मते काम पूर्ण झालं तेव्हा मी एकशे एक्कावन्न मोजले. त्याने आणखी अर्धा मिलिमीटर काढला. एकशे त्रेपन्न. दुसरा पोर्ट घासून झाला, तिथेही एकशे एक्कावन्न. आता त्याला पोर्टच्या छताला हात घालायचा होता, आणि छताच्या पलीकडे इंजिनाचं पाणी फिरतं. तिथली भिंत किती जाड आहे ते त्याने वाकड्या मापणीने तीनतीनदा मोजलं होतं. मला म्हणाला, "जेवण झाल्यावर घेतो." भिंत फुटली तर हेड भंगारात जाणार होतं. डॉक्टरीणबाईंची चार वर्षं गेली असती आणि दादाची तीस.

जेवायला आम्ही घरात गेलो. घर म्हणजे वर्कशॉपच्या मागच्याच दोन खोल्या. वहिनीने ताटं मांडली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "वन्सं, माझ्या सहाच्या सेटमधला एक चमचा कधीपासून दिसत नाही. तुमच्या त्या कारखान्यात तर नाही ना गेला?"

"मी काय चमचे खाते?" मी म्हटलं आणि कानावर हात ठेवले.

दादा दोन घास खाऊन आडवा झाला. वहिनी मला भांड्यांच्या मोरीपाशी घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "यांना काय झालंय हो? रोज सकाळी आरशासमोर हात पुढे करून उभे असतात. बोटं थरथरतात का बघतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, तेही मला न सांगता. दोनदा. खिशात चिठ्ठ्या सापडल्या."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डोळे छान आहेत म्हणाला. म्हणून तर जास्तच घाबरलेत. डोळे नाहीत म्हणजे हातच, असं म्हणतात."

मी वर्कशॉपमध्ये परत आले. माझा स्वभाव असा की आकडा जुळला नाही तर मला चैन पडत नाही. आजवर मी त्या कमी आकड्यांकडे दादाची चूक म्हणून बघत होते, म्हणून नीट बघितलंच नव्हतं. आता वही उघडली आणि कोणा परक्याची असल्यासारखी वाचायला बसले.

ज्याचा हात थरथरतो त्याची चूक सगळीकडे सांडते. कधी तीन कमी, कधी पाच जास्त, एखाद्या दिवशी चुकून बरोबर. इथे तसं नव्हतं. सगळे आकडे कमीच. एकशे एकाहत्तरचे एकशे त्रेसष्ट. दोनशे तीनचे एकशे चौऱ्याण्णव. एकशे चव्वेचाळीसचे एकशे अडतीस. मी कागदावर भागाकार मांडले. दर शंभराला पावणेपाच कमी, साडेचार कमी, सव्वाचार कमी. लहान हेड असो की मोठं, प्रमाण जवळजवळ तेच. अगं बाई, म्हटलं, इतक्या शिस्तीत कुणाचा हात बिघडतो?

मग मी पान उलटलं. प्रत्येक हेडला दोन बाजू असतात. एकीकडून ताजी हवा आत येते, दुसरीकडून धूर बाहेर जातो. धुराचे पोर्टही दादाच घासतो. त्यांचेही अंदाज मी लिहून ठेवत असे, पण चहा फक्त आत येणाऱ्या हवेवर लागायचा, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष नसायचं. मी बोट ठेवून वाचत गेले. दादा एकशे सतरा, यंत्र एकशे सतरा. दादा एकशे नऊ, यंत्र एकशे दहा. दादा चौऱ्याण्णव, यंत्र चौऱ्याण्णव. तेच आठवडे, तीच हेडं.

म्हणजे काय, दादाचे हात हेडच्या एका बाजूला म्हातारे आणि दुसऱ्या बाजूला तरुण?

मला हसू आलं, पण क्षणभरच. कारण दोन्ही बाजू मोजताना मी काय वेगळं करते, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला.

धुराच्या बाजूला मी पाइपचा एक तुकडा बोल्टने आवळते. झालं काम. हवेच्या बाजूला मात्र पोर्टचं तोंड उघडं असतं. त्याच्या धारदार कडेवर हवा आपटते आणि आत शिरतानाच गडबडते. म्हणून तोंडाभोवती मातीची गुबगुबीत कड करावी लागते, तुतारीच्या तोंडासारखी. मुलं खेळतात ती तेलकट माती. दादा दहा वर्षं माझ्या मागे लागला होता, "लेथवर लाकडाची कडी करून देतो, कायमची कटकट जाईल." मी म्हणायची, "माझा अंगठा आहे की." आणि खरंच, माझ्या अंगठ्याने फिरवलेली कड दर वेळी तशीच्या तशी उठायची. त्याचा मला फार तोरा होता.

वही मिटली. उठून पाणी प्यायले. पुन्हा उघडायची इच्छा नव्हती. पण मला माहीत होतं, मी बघणारच. मला बघितल्याशिवाय राहवत नाही, हीच तर माझी खोड.

फळीच्या अगदी वर एक जुनं हेड आहे. आम्ही तिला म्हातारी म्हणतो. तीस वर्षांपूर्वी दादाने शिकताशिकता घासलेलं, कुठल्याच गाडीला न बसलेलं. तिच्या पाठीवर मीच पांढऱ्या रंगाने आकडा लिहिलाय, एकशे एकतीस. तेव्हापासून तिला ग्राइंडर लागलेला नाही. शिडी लावून मी तिला खाली काढली, धूळ पुसली, पेटीवर बसवली.

मग ड्रॉवर उघडला. मातीच्या गोळ्याशेजारी वहिनीचा सहावा चमचा होता.

हो, मीच आणला होता. माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखतं. माती दाबताना डोळ्यांत पाणी येतं. सहा आठवड्यांपूर्वी ते सोसेनासं झालं तेव्हा मी चमच्याच्या पाठीने कड फिरवायला लागले. दिसायला तर सुबक दिसायची. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने मला यंत्रापासून उठवलं असतं, पट्ट्या बांधल्या असत्या, वहिनीने तेल चोळलं असतं. आणि मग हवावाली कसली मी? म्हणून मूग गिळून बसले.

चमच्याने कड केली, पंखे लावले. एकशे पंचवीस.

लोखंड काही वयाने आकसत नाही. म्हातारीची हवा कोण खाणार? मी माती उपटून काढली आणि दात आवळून अंगठ्याने नवी कड फिरवली. कळ थेट कोपरापर्यंत गेली. मधेच दोनदा थांबले. पंखे लावले आणि आधी आवाजच वेगळा आला. हल्ली यंत्र फुसफुसायचं, मी म्हणायची पंख्याचं बेअरिंग गेलं असेल. आता ती फुसफुस नव्हती, एकसारखी खोल घरघर होती. नळीतलं पाणी चढलं आणि थांबलं.

एकशे एकतीस.

चमच्याची कड तोकडी पडत होती आणि आतल्या बाजूला केसाएवढा उंचवटा ठेवत होती. त्यावर हवा अडखळायची. पट्टीला माती लागत नाही, म्हणून पट्टी रोज खरं बोलायची. आणि मी ते खरं दादाच्या अंगावर फेकायची.

पाठोपाठ दुसरी गोष्ट डोक्यात आली. पांढऱ्या गाडीवाला. महिन्यापूर्वी हेड घेऊन गेला आणि आठवड्याने फोन करून म्हणाला, "ताई, वरच्या वेगात पळते, पण वळणातून उठतच नाही." मी त्याला म्हटलं होतं, "आधी गिअर टाकायला शिक." आता कळलं. पोर्ट गरजेपेक्षा मोठा केला की आतली हवा आळसावते, कमी वेगात इंजिनाला दम लागतो. बिचारा बरोबर बोलत होता. दादाने माझ्या आकड्यापायी त्याचा पोर्ट फुगवला होता. असे आणखी दोघे होते.

मी तशीच बसून होते. आणि पलीकडे, दादाच्या घासायच्या खोलीत, ग्राइंडर सुरू झाला.

दादा जागा झालेला मला कळलंच नव्हतं. मी धावले. तो हेडवर वाकला होता, दिवा तोंडाशी, ग्राइंडरचं टोक पोर्टच्या तोंडापाशी. मी ओरडले. त्या आवाजात काय डोंबल ऐकू येणार? मी सरळ भिंतीतला प्लगच उपटला.

"वेडी का खुळी तू!" दादा ताडकन वळला. "हात सटकला असता माझा!"

"छताला लावलास का?"

"आत्ता लावतच होतो. काय झालं?"

आता सांगते तर सगळंच सांगते. त्या क्षणीही मी पळवाट शोधली. "यंत्रात काहीतरी गडबड आहे," म्हटलं.

"सकाळीच तर पट्टीवर तपासलंस. माझ्यासमोर." त्याने प्लग घ्यायला हात पुढे केला. "उगाच माझी समजूत काढू नकोस, धाकटे. माझे हात गेलेत, मला माहितीये. हे एवढं उरकू दे."

त्याचा तो पुढे केलेला हात स्थिर होता. अगदी स्थिर. मला रडूच कोसळलं.

"तुझे नाही रे," मी म्हटलं. "माझे गेलेत."

मग सगळं सांगितलं. चमचा, माती, म्हातारी, वही. धुराच्या पोर्टचे आकडे त्याच्या पुढ्यात धरले. तो एकेक ओळ वाचत होता आणि मी उभी होते, शाळेत उभी राहायची तशी. शेवटची ओळ वाचून त्याने वही मिटली.

"सहा आठवडे, धाकटे," शेवटी म्हणाला.

"हो."

"मी आरशासमोर उभा राहायचो."

"वहिनीने सांगितलं."

तो रागावेल, ओरडेल, तेच बरं असं मला वाटत होतं. तो उठला, हेड उचलून पेटीकडे घेऊन गेला आणि दुसरा पोर्ट पेटीवर आणून आवळला. "कर कड," म्हणाला.

"आधी आकडा बोल."

"राहू दे गं."

"बोल म्हणते ना!"

त्याने पोर्टमध्ये बोट घातलं आणि डोळे मिटले. इतका वेळ त्याने कधी घेतला नव्हता. "एकशे अठ्ठावन्न," म्हणाला, हळू आवाजात. मी डावीकडे लिहिलं.

अंगठ्याने कड फिरवली. या वेळी लपवलं नाही. तोंड वाकडं झालं ते होऊ दिलं, थांबावं लागलं तिथे थांबले. दादा बघत होता. मग पंखे लावले. पाणी चढलं, थोडं डोललं, थांबलं.

"किती?" त्याने नळीकडे पाठ फिरवली होती.

"एकशे सत्तावन्न."

त्याने वळून स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसला आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिला, कितीतरी वेळ. "एकाने चुकलो," म्हणाला.

"एकापर्यंत चालतं," मी म्हटलं. "चहा माझ्याकडे लागला."

पहिला पोर्ट खऱ्या कडेवर मोजला तर एकशे साठ भरला. दादाने मान हलवली. "बाकीचे तीन तळातून थोडे मोकळे करून त्याच्या जवळ आणू. छताला हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंना खरं सांगू."

"त्यांना मी सांगते. आणि त्या तिघांना फोनही मीच करते. पांढऱ्या गाडीवाल्यापासून."

"आणि लाकडी कडी?"

"कर बाबा. आजच कर."

तो लेथकडे निघाला आणि मधेच थांबला. "हात इकडे आण," म्हणाला. मी उजवा हात पुढे केला. त्याने अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं, हाडावरून सावकाश फिरवलं आणि डोळे मिटले, जसा तो पोर्टपाशी मिटतो तसेच.

"किती दिवस दुखतोय हा?"

"तूच सांग."

"दोन महिने."

चमचा आणला त्याच्याही आधीपासून मी सोसत होते. त्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणून टाकणार होते. पण आकडा खोटा सांगून सहा आठवड्यांत काय झालं ते समोरच होतं.

"चौदा," मी म्हटलं.

दादाने डोळे उघडले. माझा हात सोडला नाही. "बारा महिन्यांनी चुकलो," म्हणाला, आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेला.